हॉटेलचं शिकून झालं, आता एमबीए कशाला?

या वेळी दुधाच्या हिशेबावर बोला, असं रेडिओच्या ताईंनी आम्हाला सांगितलं होतं. ते पुढच्या खेपेला नक्की बोलू. आज आमच्या गटात गेलं वर्षभर चाललेल्या एका वादाविषयी बोलायचं आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरात असा वाद आज ना उद्या होणार, म्हणून तो सांगावासा वाटला.

आम्ही बाराजणींचा गट. महिन्याला दोनशे रुपये बचत, महिन्याच्या पाच तारखेला बैठक. शेवयांचं मशीन आहे, आणि सहाजणी मिळून जेवणाच्या ऑर्डरी घेतो. कुठं प्रशिक्षण असलं, मेळावा असला, की शंभर-दीडशे ताटं करून द्यायची. हे बोलणारी त्यातलीच एक, गटाचं कामकाज बघते आणि बी.ए. झालेली आहे, इतिहास घेऊन. त्यामुळे शिक्षणाचं काही निघालं की सगळ्या आमच्याकडे बघतात. या वेळी मात्र आम्हालाही काही माहीत नव्हतं.

झालं असं, की आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली. चार वर्षांची पदवी, बी.एच.एम.सी.टी. बारावीनंतर २०१७ साली ती पुण्याला गेली तेव्हा सगळ्या गावाला वाटलं, चार वर्षांनी पोरगी हॉटेलची मॅनेजर होऊन येणार. नावातच मॅनेजमेंट आहे ना! आम्हीही तेच धरून बसलो होतो. खोटं कशाला बोला, ताईंना बँकेकडून अडीच लाखांचं शिक्षण कर्ज काढायला आम्हीच धीर दिला होता.

या शिक्षणात काय असतं ते आम्हाला नंतर कळलं. हॉटेलची चार मोठी खाती असतात. स्वयंपाकघर, जेवण वाढण्याचं खातं, पाहुण्यांना खोली देणारं पुढचं खातं म्हणजे फ्रंट ऑफिस, आणि खोल्यांची स्वच्छता बघणारं हाऊसकीपिंग. मुलं चारही शिकतात आणि एक पूर्ण सत्र खऱ्याखुऱ्या हॉटेलात जाऊन काम करतात. त्या काळात तिनं एका दिवसात चौदा-चौदा खोल्यांच्या गाद्या आवरल्या. आईला फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, "हे तर तू घरी पण करत होतीस, त्याला एवढी फी?" तेव्हा पोरगी फोनवर हसली होती म्हणे. नंतर रडली असेल, कुणी सांगावं.

एक गंमतीची गोष्ट मध्येच सांगते. आपल्या देशातली हॉटेल मॅनेजमेंटची पहिली संस्था मुंबईत १९५४ साली सुरू झाली, आणि ती सुरू केली बायकांनी. अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषद नावाची संस्था होती, लीलावती मुन्शी तिच्या पुढारी. म्हणजे ज्या शिक्षणाला आपण शहरी पोरांची फॅशन म्हणतो, त्याचं बी स्वयंपाकाचा विचार करणाऱ्या बायकांनीच पेरलेलं आहे. आम्हाला हे मुलीनंच सांगितलं, तिच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात होतं. आजी म्हणाल्या, "मग त्या बायकांनी गाद्या आवरायच्या पगाराचं पण बघायचं होतं."

तर पुढं काय झालं. तिचं शेवटचं वर्ष आलं आणि करोना आला. हॉटेलं बंद. कॉलेजात येऊन ज्यांनी नोकरी देऊ म्हटलं होतं, त्यांनी ती काढून घेतली. वर्षभर ती घरीच होती आणि आपल्याबरोबर शेवया वाळत घालत होती. पुढं २०२२ मध्ये पुण्यात एका हॉटेलात लागली. फ्रंट ऑफिसला. बारा-बारा तास उभं राहायचं, कधी रात्रपाळी, कधी सकाळी चार तास काम, दुपारी सुट्टी आणि संध्याकाळी परत हजर. पाहुणा कितीही बोलला तरी तोंडावर हसू पाहिजे. पगारातून खोलीभाडं आणि कर्जाचा हप्ता गेला की हातात मोजकं राहायचं. दोन वर्षं तिनं काढली. २०२४ च्या पावसाळ्यात घरी आली आणि म्हणाली, "मला एमबीए करायचंय."

ताईंनी त्या महिन्याच्या बैठकीत विषय काढला. चाळीस हजारांचं कर्ज पाहिजे म्हणाल्या.

मैत्रिणींनो, त्या बैठकीत जे जे बोललं गेलं ते सगळं सांगत नाही, काही बोलणी आपल्या आपल्यात राहू द्यावीत. पण थोडं सांगते. पोल्ट्रीवाल्या वहिनी म्हणाल्या, "एमबीएच करायचं होतं तर चार वर्षं भाकऱ्या कशाला शिकली?" एक काकू म्हणाल्या, "पोरगी पंचविशीची झाली, अजून दोन वर्षं शिकली तर स्थळ कुठलं बघायचं?" आम्ही स्वतः म्हटलं, की पहिलं कर्ज फिटायचंय, दुसरं कशाला. फक्त आजी म्हणाल्या, "पोरीचे पाय सुजलेत उभं राहून राहून. कुणी बघितले का?" कुणीच बघितले नव्हते. निर्णय काही झाला नाही. पुढच्या बैठकीत बघू म्हणून उठलो.

त्या महिन्यात आमच्याकडे एका कार्यालयाची ऑर्डर होती. तीन दिवसांचं प्रशिक्षण, रोज शंभर ताटं, ताटाला ऐंशी रुपये. मुलगी घरीच होती, म्हणून मदतीला आली. पहिल्याच दिवशी पहाटे तिनं घरून वजनकाटा आणला. आम्ही म्हटलं, हे काय? म्हणाली, "काकू, तुम्ही एका ताटाला किती खर्च धरता?" आम्ही म्हटलं, अठ्ठेचाळीस. म्हणजे बत्तीस रुपये सुटतात. गेली तीन वर्षं आम्ही हेच धरून चाललो होतो.

तिनं काय केलं, तर मटारच्या शेंगा सोलण्याआधी तोलल्या आणि सोलल्यावर दाणे तोलले. किलोभर शेंगांतून साडेचारशे ग्रॅम दाणे निघाले. म्हणजे किलोचा जो भाव आम्ही वहीत लिहीत होतो, दाण्याचा खरा भाव त्याच्या दुपटीपेक्षा जास्त. फ्लॉवरचं तसंच, पाला आणि दांडा काढला की निम्म्याच्या थोडं वर राहतं. तेल आम्ही अंदाजानं ओततो, ते तिनं मापानं मोजलं. शंभर ताटं सांगितली तरी कमी पडू नये म्हणून आम्ही एकशेदहा माणसांचं करतो. वरच्या दहांचा पैसा कुणाच्या खात्यावर? रात्री बसून तिनं हिशेब मांडला. सामान पंचावन्न रुपये, गॅस सहा, टेम्पो सात, पत्रावळी-द्रोण-पेले चार. झाले बहात्तर. ताटामागे राहतात आठ. शंभर ताटांचे आठशे, सहा बायकांत वाटले तर एकशे तेहतीस रुपये. पहाटे चारपासून दुपारी तीनपर्यंतचे. खुरपायला गेलो असतो तर तीनशे मिळाले असते.

आमच्यातल्या एकीनं वही खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. तीन वर्षं, मैत्रिणींनो.

हेच ते, जे ती हॉटेल मॅनेजमेंटमध्ये शिकली होती. पदार्थाचं प्रमाण लिहून ठेवायचं, त्याला ते स्टँडर्ड रेसिपी म्हणतात. सोलून, निवडून, शिजवून हातात किती राहतं ते बघायचं. मग ताटाचा खर्च काढायचा. भाकऱ्या शिकली म्हणणाऱ्या पोल्ट्रीवाल्या वहिनींनीच दुसऱ्या दिवशी त्या मुलीला विचारलं, "माझ्या अंड्याचा पण असा हिशेब काढून देशील का गं?"

आम्ही प्रत्येक भाजीचा कागद केला, शंभर ताटांना काय आणि किती, तो भिंतीला लावला. मटार फक्त स्वस्ताईच्या दिवसांत, एरवी दुधी नाहीतर मटकीची उसळ. दहा ताटं जादा करायची ती पाच केली. असं करून खर्च एकोणसत्तरवर आणला आणि भाव पंच्याण्णव सांगायला लागलो. एक जुनं गिऱ्हाईक त्यामुळे तुटलं, हेही सांगितलं पाहिजे. बाकीचे राहिले.

पण खरी गोष्ट पुढं आहे. त्या कार्यालयाचं तीनशे ताटांचं बिल, चोवीस हजार, तीन महिने आलं नाही. आज साहेब नाहीत, उद्या सही नाही. सामानासाठी आम्ही गटातूनच वीस हजार उचलले होते, शेकडा दोन रुपयांनी. महिन्याला चारशे, तीन महिन्यांचे बाराशे रुपये व्याज. तीनशे ताटांवर ते पसरलं तर ताटामागे चार रुपये. म्हणजे सुटलेल्या आठांतले चार व्याजात गेले. व्याज आपल्याच गटात आलं हे खरं, पण जेवणाच्या धंद्याच्या वहीत तो खर्चच.

आम्ही तिला विचारलं, आता याला उपाय काय? ती गप्प बसली. मग म्हणाली, "मावशी, ताटाची किंमत काढायला मला शिकवलं. पण उधारीवर धंदा करायचा असला तर भाव किती लावायचा, कुणाला उधार द्यायचं, कुणाला नाही, बँकेकडून खेळतं भांडवल कसं मागायचं, एका गिऱ्हाइकावर अवलंबून राहायचं की नाही, हे मला येत नाही. हॉटेलात हे सगळं वरच्या मजल्यावरची माणसं ठरवायची. मी खालच्या मजल्यावर उभी असायची. मला वर काय चालतं ते शिकायचंय."

आम्हाला एमबीए कळलं ते तिथं.

आता जरा माहितीचं सांगते, वही असेल तर लिहून घ्या. एमबीए ही पदवीनंतरची दोन वर्षांची पदवी. मुंबई विद्यापीठात तिलाच एम.एम.एस. असंही म्हणतात. आधीची पदवी कुठल्याही विषयाची चालते. बी.ए. चालते, बी.एस्सी. चालते, हॉटेल मॅनेजमेंटची पण चालते. पदवीला साधारण पन्नास टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गाला पंचेचाळीस. पहिल्या वर्षी सगळ्यांना सारखे विषय असतात. हिशेबशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, बाजारपेठ, माणसं सांभाळणं, कायदा. मग दोन महिने एखाद्या कंपनीत काम करायचं आणि दुसऱ्या वर्षी एक विषय खोल शिकायचा. मार्केटिंग, फायनान्स, मनुष्यबळ किंवा कामकाज व्यवस्थापन, यांतला.

आमच्यात पुढचा वाद यावर झाला, की हॉटेलवाल्यांसाठी वेगळं एमबीए असतं ते का करू नये? असतं, हॉस्पिटॅलिटीचं एमबीए म्हणतात. मुलीनं जे सांगितलं ते आम्हाला पटलं. ती म्हणाली, हॉटेलचं मी चार वर्षं शिकले आणि दोन वर्षं केलं. तेच परत शिकून मला नवीन काय मिळणार? आणि करोनात बघितलं ना, एकाच दारात उभी होते, ते दार बंद झालं तर बाजूला दुसरं नव्हतं. साधं एमबीए केलं तर हॉटेलच्या मुख्य कार्यालयात विक्री, मनुष्यबळ, हिशेब या खात्यांत जाता येतं. दवाखान्यांना, मॉलना, विमान कंपन्यांना, बँकांना, खाद्यपदार्थांच्या कारखान्यांनाही माणसं लागतात. मोठ्या दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलणं, जेवण, स्वच्छता, खोल्या हे सगळं हॉटेलसारखंच असतं. तिथं हे दोन्ही शिकलेलं माणूस कामाचं.

मात्र जिला शेफच व्हायचंय, हातानं पदार्थ करण्यात जिचा जीव रमतो, तिनं एमबीएच्या नादी लागू नये असं आमचं मत झालं. तिनं चांगल्या स्वयंपाकघरात आणखी तीन-चार वर्षं काढावीत. हॉटेलात खालून वर चढणारी माणसं अनुभवानं चढतात. ओबेरॉय हॉटेलं ज्यांनी उभी केली ते मोहनसिंग ओबेरॉय १९२२ साली सिमल्याच्या सेसिल हॉटेलात पन्नास रुपये पगारावर कारकून होते. १९३४ मध्ये त्यांनी पहिलं हॉटेल घेतलं, ते बायकोचे दागिने गहाण ठेवून. (हे ऐकून आमच्या बैठकीत एकच हशा पिकला. दागिने कुणाचे गेले ते सगळ्यांच्या लक्षात आलं.)

आणखी एक. पदवी झाली की लगेच एमबीए करणाऱ्या पोरांपेक्षा एक-दोन वर्षं नोकरी केलेल्यांना त्या वर्गात जास्त कळतं. आमच्या मुलीनं रात्रपाळ्या काढल्या, चिडलेले पाहुणे सांभाळले, पाळीपत्रकं बनवली. वर्गात माणसं सांभाळण्याचा धडा निघाला की तिला आठवायला काहीतरी असतं. तेव्हा तिची ती दोन वर्षं फुकट गेली असं जे आम्ही बोललो होतो, ते आम्ही मागे घेतलं. तिच्यासमोर घेतलं.

त्याच सुमारास गावात एक माणूस येऊन गेला. गाडी चांगली, बूट चकचकीत. एका कॉलेजाचा म्हणाला. परीक्षा लागत नाही, आजच दहा हजार भरा, जागा पक्की, शंभर टक्के नोकरी, आणि हॉटेल मॅनेजमेंट झालेल्यांना खास सवलत. ताईंचे मालक पैसे आणायला घरात गेले सुद्धा. मुलीनं फक्त एवढं विचारलं, की ही विद्यापीठाची एमबीए पदवी आहे की पदविका, ए.आय.सी.टी.ई. ची मान्यता आहे का, आणि प्रवेश शासनाच्या फेरीतून होतो का. तो म्हणाला, "ताई, एवढं कुणी विचारत नाही." मग मालक पैसे परत ठेवून आले.

हे तीन प्रश्न लक्षात ठेवा. पीजीडीएम नावाची पदविका असते, तीही काही संस्थांमध्ये फार चांगली असते, पण ती पदवी नव्हे आणि तिची फी बहुधा जास्त. शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीला कॅप म्हणतात. त्या फेरीतून प्रवेश घेतला तरच बहुतेक सवलती मिळतात. संस्थेच्या कोट्यातून किंवा व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतला तर त्या जातात. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं निर्णय काढला, की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. त्याआधी ही सवलत निम्मी होती. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या योजना आहेत. अर्ज महाडीबीटीवर करायचा. आपण घेतोय त्या कॉलेजात, त्या अभ्यासक्रमाला सवलत लागू आहे ना, हे प्रवेशाआधी कॉलेजच्या कार्यालयात तोंडी नको, लेखी विचारायचं.

आणि दाखले! उत्पन्नाचा, अधिवासाचा, जातीचा, जात पडताळणीचा, नॉन-क्रीमिलेअरचा. प्रवेशाच्या आठवड्यात सेतू केंद्रात रांग लावणाऱ्या आया आम्ही बघितल्यात. आमच्या मुलीचा नॉन-क्रीमिलेअर दाखला जुना निघाला, मुदत संपलेली. तिचे वडील तीन दिवस तहसीलला हेलपाटे घालत होते. चार दिवस उशीर झाला असता तर माफी गेली असती, आणि मग आमचा सगळा वाद पाण्यात. तेव्हा हे काम उन्हाळ्याआधी उरकून ठेवा.

परीक्षेचं सांगायचं राहिलं. आपल्या राज्याची एमबीए सीईटी असते, शिवाय आयआयएम संस्थांची कॅट असते, ती नोव्हेंबरात होते. पण आयआयएमचं गणित वेगळं, अहमदाबादची दोन वर्षांची फी वीस लाखांच्या वर आहे. आमच्या मुलीनं राज्याचीच दिली, २०२५ मध्ये. दोनशे प्रश्न, अडीच तास, आणि चुकलं तर गुण कापत नाहीत. इंग्रजी तिला जड गेलं नाही, हॉटेलात बोलून बोलून ते सुटलं होतं. गणित जड गेलं. दहावीनंतर गणिताशी संबंधच नव्हता. आठ महिने ती रोज पहाटे शतमान, सरासरी, काळ-काम-वेग करत बसायची, शाळेतल्या मुलांची आठवी-नववीची पुस्तकं घेऊन. पोरं हसायची, ताई एवढी मोठी होऊन नववीचं करते म्हणून.

निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. त्यावरून आमच्या घराघरात घोटाळा झाला. ऐंशी पर्सेंटाइल म्हणजे ऐंशी टक्के गुण नव्हेत. शंभर मुलांत साधारण ऐंशी मुलं आपल्या मागं आहेत, असा त्याचा अर्थ. मुलीला ब्याऐंशी आले. मुंबई-पुण्याच्या नावाजलेल्या कॉलेजांना ते पुरत नव्हते. कोल्हापूरचं कॉलेज मिळालं, कॅपमधून.

ज्यांना नोकरी सोडणं जमत नाही त्यांच्यासाठी इग्नू आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. तिथून घरबसल्या एमबीए करता येतं. खर्च कमी, पण कॉलेजात कंपन्या येऊन नोकरी देतात तसं तिथं धरून चालू नये. नोकरीत आहे तिला बढतीसाठी ते बरं.

आता कर्जाचं. फी माफ झाली तरी वसतिगृह, जेवण, पुस्तकं, लॅपटॉप, प्रवास राहतोच. बँकेचं शिक्षण कर्ज घेताना एक लक्षात ठेवा. शिकत असताना हप्ता नसतो म्हणून आपण निर्धास्त राहतो, पण व्याज रोज चढत असतं. ताईंच्या अडीच लाखांचं तसंच झालं होतं. पहिला हप्ता आला तेव्हा आकडा बघून त्यांना वाटलं बँकेची चूक आहे. जमेल तेवढं व्याज शिकत असतानाच भरत राहिलं तर पुढचं ओझं हलकं होतं. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला बँका साधारणपणे तारण मागत नाहीत. आधीचं कर्ज चालू असेल तर ते लपवू नका, बँकेला कळतंच.

आमच्या गटानं काय केलं? आमच्या नियमांत शिक्षणासाठी वेगळं कर्ज नव्हतं. आजारपण, शेती, धंदा, लग्न यांना होतं. लग्नाला होतं आणि शिक्षणाला नव्हतं, हे लिहिलेलं आमच्याच हातचं. ऑगस्टच्या बैठकीत ठराव मांडला, की मुलीच्या शिक्षणाला शेकडा दोनऐवजी एक रुपयानं द्यायचं. नऊ जणी बाजूनं, दोघी विरुद्ध, एक गैरहजर. विरुद्ध असलेल्या दोघींचंही म्हणणं चुकीचं नव्हतं. त्या म्हणाल्या, चाळीस हजार एकाच घरात गेले तर दिवाळीला बाकीच्यांनी काय करायचं? म्हणून चाळीस नव्हे, पंचवीस हजार दिले, वीस महिन्यांच्या मुदतीनं. महिन्याला साडेबाराशे मुद्दल आणि वर व्याज. ताईंनी आपल्या जेवणाच्या ऑर्डरींतल्या वाट्यातून ते वळते करायचं ठरवलं.

काकूंनी स्थळाचा विषय परत काढला होता. या वेळी मुलीच्या आईनंच उत्तर दिलं. "येईल ते स्थळ दोन वर्षं थांबणारं असलं तर बघू. नसलं तर ते आपलं नव्हे." ताई गटात पाच वर्षं आहेत, पण एवढ्या मोठ्यानं बोललेलं आम्ही पहिल्यांदा ऐकलं.

आता ती पहिल्या वर्षाला आहे. सगळं गोड चाललंय असं सांगणार नाही. हिशेबशास्त्रात पहिल्या चाचणीत ती नापास झाली. वर्गातली निम्मी मुलं बी.कॉम.ची, त्यांना जमाखर्च पाठ. ही रात्री खोलीतल्या मुलीकडून शिकते, बदल्यात तिला मुलाखतीत कसं बोलायचं ते शिकवते. एमबीए झाल्यावर पगार किती मिळेल, कुणी सांगू शकत नाही. कदाचित सुरुवातीला हॉटेलातल्यापेक्षा थोडाच जास्त असेल. तिलाही ते माहीत आहे, तिच्या आईलाही.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा आमच्या वहीत तिनं एक नवीन रकाना आखून दिला. बिल कधी दिलं, पैसे कधी आले, मधले दिवस किती. आणि ऑर्डर घेतानाच निम्मे पैसे आगाऊ मागायचे, जो देणार नाही त्याला ताट शंभराला. पहिल्यांदा मागताना आमची जीभ अडखळली. समोरच्यानं मात्र काही न बोलता पाच हजार काढून दिले.

ताईंचे तीन हप्ते वेळेवर आलेत. चौथा पाच तारखेला आहे. आणि वर्षभरापूर्वीच्या त्या कार्यालयाचे चोवीस हजार आले, पण त्यातले सहाशे रुपये कसले कापलेत ते अजून कुणी सांगितलेलं नाही. सोमवारी आम्ही तिघी वही घेऊन विचारायला जाणार आहोत.